मोडीत निघालेल्या बसमधला संसार

आपल्या सीमाभागातल्या माणसाला बस म्हटली की एक नव्हे, दोन बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. एक महाराष्ट्राची लाल एसटी आणि दुसरी कर्नाटक परिवहनाची, जिच्या कपाळावरची पाटी वाचून घ्यायला आमच्या आजीला शेजारी उभ्या असलेल्याची मदत लागे. या दोन सरकारांचे कशावर एकमत झाल्याचे मला फारसे आठवत नाही. जुन्या बसचे काय करावे यावर मात्र झालेले दिसते. पुण्यात २०१६ साली जुन्या बसगाड्यांमधून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. २०२० साली बंगळूरच्या मॅजेस्टिक स्थानकात कर्नाटक परिवहनानेही तेच केले. त्याच वर्षी, टाळेबंदीत प्रवासी नाहीत म्हणून एसटीने आपल्या जुन्या गाड्यांच्या खुर्च्या काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले. केरळने आणखी वेगळे केले. मुन्नारच्या डेपोत एक जुनी बस उभी करून तिच्यात झोपण्याचे बर्थ बसवले आणि सुरुवातीला माणशी शंभर रुपये रात्रीप्रमाणे पर्यटकांना दिले.

माझे मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत सुतारकाम करत. आधीच्या गाड्यांच्या बॉडीत लाकूड पुष्कळ असे, त्यामुळे सुताराला मान होता. मामा म्हणत, "बस म्हणजे काय रे? चाकांवरची खोली. दार आहे, खिडक्या आहेत, वर छप्पर आहे. फक्त चूल नाही." मामांनी हे सहज म्हटले होते. पुढे इतिहास शिकवताना आणि निवृत्तीनंतर वाचताना मला कळले की अमेरिकेत आणि इंग्लंडात हजारो लोकांनी ती चूल खरोखरच मांडली. त्यांच्यापैकी काहींचे कौतुक झाले आणि काहींची चूल पोलिसांनी फोडली. गाडी सारखीच असताना हा फरक का पडला, हे मला या लेखात पाहायचे आहे.

जुन्या बसचे घर व्हायला आधी जुनी बस स्वस्तात आणि मुबलक मिळावी लागते. अमेरिकेत ती सोय नकळत एका शिक्षणतज्ज्ञाने केली. १९३९च्या एप्रिलमध्ये फ्रँक सायर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात एक परिषद भरवली. तोवर शाळेची मुले कुठे घोडागाडीतून, कुठे ट्रकमधून, कुठे वाटेल त्या रंगाच्या बसमधून जात. त्या परिषदेने बसची लांबी, उंची, मधल्या वाटेची रुंदी यांची मानके ठरवली आणि पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरे उठून दिसावीत म्हणून पिवळा रंग निवडला. त्यानंतर देशभर साधारण एका घाटाच्या, दणकट पोलादी गाड्या तयार होऊ लागल्या आणि शाळांनी टाकून दिल्या की लिलावात येऊ लागल्या. अनेक राज्यांत नव्या मालकाला रंग बदलावा लागतो, कारण पिवळी गाडी थांबली की मागची वाहतूक थांबते. पुढे हिप्पींच्या बसगाड्या रंगीबेरंगी का, याचे अर्धे उत्तर कदाचित या नियमात असावे!

दुसरा पुरवठा लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांचा. ग्रेहाउंड कंपनी वापरी ती जनरल मोटर्सची पीडी-४१०४ ही गाडी १९५३ ते १९६० या काळात बनली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची रिव्हेट मारलेली बॉडी आणि हवेवर तोललेले सस्पेन्शन. कंपनीने ती काढून टाकली तरी तिच्यात बरेच आयुष्य शिल्लक असे. या गाड्या ज्यांनी घेतल्या ते कोणी बंडखोर नव्हते, बेताचे सुखवस्तू कुटुंबवत्सल लोक होते. २० जुलै १९६३ रोजी मेन राज्यात हिंक्ली येथे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी अशा घरगाड्या घेऊन सव्वीस कुटुंबे एका शाळेच्या आवारात जमली. ग्रहण पाहून झाले, एकमेकांच्या गाड्यांतल्या मोऱ्या आणि कपाटे पाहून झाली, आणि तिथेच त्यांनी ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’ ही संस्था काढली. ती आजही आहे. आपल्याकडे ग्रहणात चुलीवर झाकण पडते. तिथे चाकांवरच्या चुलींची संघटना निघाली.

पुढच्याच वर्षी, १९६४ साली, केन केसी या कादंबरीकाराने आणि त्याच्या मित्रांनी १९३९ सालच्या बनावटीची एक जुनी स्कूलबस घेऊन कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाकडे प्रयाण केले. गाडी नखशिखांत रंगवलेली. गावाचे नाव असते त्या कपाळावरच्या पाटीवर गावाचे नावच नव्हते. ‘अजून पुढे’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता, तोही स्पेलिंग चुकवून. हिप्पी युगाचा प्रारंभ म्हणून या बसकडे बोट दाखवले जाते. पण तिच्यातल्या झोपायच्या फळ्या आणि स्वयंपाकाची सोय केसीच्या टोळीने केलेली नव्हती. आधीच्या मालकाने, एका लेकुरवाळ्या गृहस्थाने, पोरांना सुटीत फिरवून आणण्यासाठी ती करून घेतली होती. बंडखोरांना संसार आयताच मिळाला.

त्याहून गंभीर प्रयोग स्टीफन गॅस्किनचा. सॅन फ्रान्सिस्कोत त्याची व्याख्याने ऐकायला येणारे लोक १९७०च्या ऑक्टोबरात त्याच्यामागून जुन्या बसगाड्यांचा तांडा घेऊन निघाले. देशभर फिरून १९७१ साली टेनेसी राज्यात समरटाउनजवळ त्यांनी जमीन घेतली आणि तिला ‘द फार्म’ हे नाव दिले. जंगल साफ करून घरे उभी राहीपर्यंत माणसे बसगाड्यांतच राहिली. तांड्यातल्या बायकांची बाळंतपणे वाटेत बसमध्येच झाली. आयना मे गॅस्किन या त्यांच्यातल्याच एका बाईने ती केली आणि पुढे सुईण म्हणून तिचे नाव जगभर झाले. बसमध्ये माणसे जन्मली, हे मामांना सांगायला हवे होते.

आता ही खोली घरपणाला कशी आणतात ते पाहू, कारण त्यात खरी गंमत आहे. पहिले काम खुर्च्या काढण्याचे. खुर्च्यांचे बोल्ट फरशीतून खाली गेलेले असतात आणि गंजून एकजीव झालेले असतात. एक जण गाडीखाली पान्हा धरून आडवा आणि दुसरा वर, असे दोन-चार दिवस जातात. खुर्च्या निघाल्या की चाकांच्या वरची उंचवट्याची चार पेटाडे उघडी पडतात. अनुभवी माणूस तिथेच बाक किंवा कपाट बसवतो, म्हणजे अडचण झाकली जाते. बस सुमारे आठ फूट रुंद असते, आतून सात-सव्वासात फूट भरते. म्हणून सहा फुटी माणूस आडवा झोपू शकतो. त्यामुळे पलंग मागच्या भिंतीशी आडवा घालतात आणि लांबी वाचवतात. चाळीत राहिलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मग पत्र्याचा प्रश्न. थंड देशात चार माणसे पत्र्याच्या डब्यात रात्रभर झोपली की त्यांचा श्वास छताला लागून पाणी होतो आणि पहाटे अंगावर टपकतो. यावर उपाय म्हणून आतून लाकडी पट्ट्या ठोकून, त्यांच्यामध्ये काचलोकर भरून, वरून फळ्यांचे अस्तर करतात. निम्म्या खिडक्या बुजवतात. ऊब हवी म्हणून लाकडाची शेगडी. इंग्लंडात ती पुष्कळदा रिकाम्या गॅस सिलिंडरची केलेली असे. सिलिंडर कापण्याआधी त्यातला उरलासुरला गॅस घालवून तो पाण्याने भरून घ्यावा लागतो. ज्याने हे केले नाही त्याने दुसरी शेगडी केली नाही. धुराडे छतातून वर काढायचे आणि निघताना उतरवून ठेवायचे, नाहीतर पहिल्याच झाडाच्या फांदीला ते अर्पण होते.

वजनाची भीती वाटते, पण ती अनाठायी. चाळीस माणसे पासष्ट किलोच्या हिशेबाने सव्वीसशे किलो भरतात, आणि कुठल्याही शहाण्या संसाराचे सामान तितके होत नाही. खरा प्रश्न वजन कुठे ठेवायचे याचा. दोनशे लिटर पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो. टाकी, शेगडी आणि पुस्तके एकाच अंगाला लावली तर गाडी त्या बाजूला कायम मान टाकते. बॅटऱ्या दोन लागतात: एक इंजिन सुरू करायची आणि दुसरी दिव्यांची, मध्ये अशी जोडणी की रात्री कोणी वाचत बसला तर सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागू नये. आणि प्रत्येक कपाटाला, प्रत्येक खणाला खिटी. वळणावर खिटी नसलेला डबा कसा उडतो हे आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये सर्वांनी पाहिले आहे. एवढे झाले तरी पाणी आणायचे, कपडे वाळवायचे आणि बादली रिकामी करायची ही कामे राहतातच. या मुक्त जीवनाच्या वर्णनांत ती कोण करते हे क्वचितच लिहिलेले असते. माझा आपला तर्क आहे.

इंग्लंडात जुन्या बसगाड्या मुबलक झाल्या त्याला सरकारी कारण आहे. १९६८च्या वाहतूक कायद्याने नव्या बस घ्यायला कंपन्यांना अनुदान मिळू लागले. आधी किमतीचा चौथा हिस्सा, १९७१ पासून निम्मा. कंडक्टरशिवाय चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि धडधाकट जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या. १९७३ साली तिथे राहणाऱ्या काही ऑस्ट्रेलियन तरुणांनी ब्रिस्टल कंपनीची लोडेका ही दुमजली बस घेतली, वर झोपायच्या फळ्या आणि खाली स्वयंपाकघर केले आणि ‘टॉप डेक’ ही प्रवासी कंपनी काढली. लोडेकाची बांधणी मुद्दामच बुटकी, कमी उंचीच्या पुलांखालून जाणारी. या दुमजली घरगाड्या लंडनहून थेट काठमांडूला येत. त्याआधी १९५७ साली ‘इंडियामन’ नावाची बस १५ एप्रिलला लंडन सोडून ५ जूनला कलकत्त्याला पोचली होती, पण ती साधी प्रवासी गाडी, घरगाडी नव्हे. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि ही खुश्कीची वाट मोडली. त्या वाटेने आलेली चित्रविचित्र वाहने आपल्या गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर, ज्यांनी पाहिली असे वाचक अजून असतील. आपण त्यांना हिप्पी म्हणून हसलो, भाड्याने खोल्या दिल्या, आणि सोडून दिले.

त्यांच्या मायदेशात असे सोडून दिले गेले नाही.

१९७४ पासून दर उन्हाळ्यात इंग्लंडातल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाजवळ एक फुकट मेळा भरत असे. तिकीट नाही, परवाना नाही, गाणीबजावणी आणि मुक्काम. मेळ्यामेळ्याने फिरता फिरता काही लोक वर्षभर गाड्यांतच राहू लागले. ऐंशीच्या दशकात बेकारी वाढली, शहरात भाड्याची खोली मिळेना, तेव्हा त्यांची संख्या वाढली. जुनी बेडफर्ड बस घर म्हणून घेणे हा त्यांच्यातल्या कित्येकांचा छंद नव्हता, हिशेब होता. तांड्यांत मुले होती, गरोदर बायका होत्या, कुत्री तर होतीच. अंमली पदार्थ होते, चोऱ्यामाऱ्याही होत होत्या, शेतांची नासधूस होत होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८४च्या मेळ्यानंतर त्या परिसराची दुर्दशा झाली होती आणि शेतकऱ्यांचा राग खरा होता.

१९८५ साली मेळ्यावर बंदी आली. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. १ जूनला सुमारे १४० वाहनांचा तांडा सेव्हरनेकच्या जंगलातून निघाला. स्टोनहेंज काही मैलांवर असताना पोलिसांनी रस्त्यावर खडीचे ढीग ओतून वाट अडवली आणि पुढच्या गाड्यांच्या काचा फोडायला सुरुवात केली. गाड्या कुंपण तोडून शेजारच्या शेतात शिरल्या. संध्याकाळपर्यंत वाटाघाटी चालल्या, आणि मग तेराशेच्या आसपास पोलीस शेतात उतरले. ते शेंगांचे शेत होते, म्हणून या प्रकाराला इंग्रज लोक ‘बीनफील्डची लढाई’ म्हणतात. लढाई हा शब्द मला पटत नाही, कारण तीत एकच बाजू लढत होती. काचा फुटल्या, माणसांना केसांना धरून बाहेर ओढले गेले, पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने तिथे जे पाहिले ते कॅमेऱ्यासमोर सांगताना त्याचा आवाज स्थिर राहिला नाही. सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार निघाला तो जमीनदारच: सेव्हरनेकचा अर्ल ऑफ कार्डिगन. आपल्या रानात तळ टाकून राहिलेल्यांना हुसकण्यासाठी पोलिसांनी दुसऱ्या दिवशी परवानगी मागितली, तेव्हा त्याने ती नाकारली, आणि एका गरोदर बाईला लाठीने मारताना आपण पाहिले अशी साक्ष दिली.

इथे एक योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. १ जून हाच एसटीचा वाढदिवस. १९४८ साली याच दिवशी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि तीही बेडफर्डच होती, लाकडी बॉडीची, तीस आसनांची. ज्या कंपनीच्या गाडीचे आपण हार घालून स्वागत केले, तिच्याच भावंडांच्या काचा सदतीस वर्षांनी इंग्लंडात फुटल्या.

फोडलेल्या वस्तूंची नावे पाहिली तर मला प्रश्नाचे मूळ दिसते. पोलिसांच्या लेखी ती वाहने होती आणि वाहन अडवणे, जप्त करणे हे त्यांचे नेहमीचे काम. आतल्या माणसाच्या लेखी ती भांडी, अंथरुणे, शेगडी, मुलांची खेळणी होती. चार भिंतींच्या घराच्या दारात हुकूम दाखवल्याखेरीज पोलिसाला शिरता येत नाही, हे तत्त्व इंग्रजांनी जगाला शिकवले. चाके असलेल्या घराच्या दारापर्यंत ते पोचले नाही. पुढच्या वर्षी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत सांगितले की अशा तांड्यांचे जिणे अवघड करायला जे करता येईल ते करण्यात सरकारला आनंदच आहे. १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने पोलिसांना तळ उठवण्याचा अधिकार मिळाला. १९९४च्या कायद्याने सहा वाहने एकत्र उभी असली तरी पुरे झाले, आणि भटक्या जमातींसाठी जागा राखण्याची जी सक्ती १९६८ पासून स्थानिक संस्थांवर होती ती काढून टाकली. २०२२ साली आणखी एक कायदा झाला. आता परवानगीविना उभे राहून मुक्काम करणाऱ्याचे वाहन, म्हणजे घरच, जप्त होऊ शकते.

बीनफील्डच्या लोकांपैकी वीसेक जणांनी पोलिसांवर दावा लावला. १९९१ साली निकाल लागून सर्वांना मिळून चोवीस हजार पौंड भरपाई मिळाली. न्यायाधीशांनी दाव्याचा खर्च दिला नाही, आणि ते पैसे वकिलाच्या बिलात गेले.

हे वाचताना आपल्या भागाची आठवण येणे साहजिक आहे. फिरत्या माणसाचा संशय हा इंग्रजांनी इथे फार आधी कायद्यात बसवला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माबरोबरच माणूस गुन्हेगार ठरला, आणि पुढे मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथे वसाहती झाल्या. फिरणाऱ्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परगावी जायचे तर पास घ्यायचा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ज्यांनी वाचले आहे त्यांना गाढवांच्या पाठीवरचे बिऱ्हाड ठाऊक आहे. गाढवाच्या जागी बेडफर्ड ठेवा, गावच्या पाटलाच्या जागी इंग्लिश फौजदार ठेवा. विचारला जाणारा प्रश्न तोच राहतो, ‘पत्ता काय?’ ज्याला शिधापत्रिकेसाठी, शाळेतल्या नावासाठी, मतदारयादीसाठी हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि ज्याच्या पत्त्यातले राज्य एका आदेशाने १ नोव्हेंबर १९५६ला बदलले, त्या सीमाभागातल्या माणसाला हे समजायला भाषांतर लागत नाही.

आज आपल्याकडे कोणी जुन्या बसचे घर करू म्हटले तर? १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आडवे येते. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडक अर्थाने सांगितले. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार मात्र सरकारी वर्गवारीत आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही काढले: गाड्या उभ्या करायला जागा, वीज, पाणी, स्वच्छतागृह. हे पर्यटकासाठी. तमाशाच्या फडाचे ट्रक आठ महिने गावोगाव फिरतात, माणसे त्यांच्या आडोशाला रांधतात आणि झोपतात. ती कुठल्या धोरणात बसतात हे मी शोधत आहे.

इंग्लंडात बसचे नाव बदलून ‘मोटर कॅराव्हॅन’ असे कागदावर आणायचे तर काय काय हवे याची यादीच आहे: स्वतंत्र दार, सहा फुटांचा बिछाना, मेज आणि बसायची जागा, सामानाचे कपाट, स्वयंपाकाची सोय, बाजूला खिडकी. घराची इतकी नेमकी व्याख्या मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात पाहिलेली नाही. २०१९ पासून तिच्यात भर पडली; आत हे सारे असून भागत नाही, गाडी रस्त्यावर बाहेरूनही घरगाडीसारखी दिसली पाहिजे.

आणि स्टोनहेंज? २००० सालापासून उत्तरायणाच्या टोकाच्या त्या रात्री, जूनमध्ये, लोकांना पुन्हा शिळांपर्यंत जाऊ देतात. हजारो येतात. संध्याकाळी सोडतात, सूर्योदय दाखवतात आणि सकाळी आवार रिकामे करून घेतात. वाहने लावायला जवळच एक शेत राखलेले असते. तिथे तळ टाकता येत नाही आणि चूलही पेटवता येत नाही.